केसी मार्टिन: कोर्टातून कॉलेजच्या गोल्फ संघाकडे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकी गोल्फपटू आणि प्रशिक्षक केसी मार्टिन यांच्याबद्दल पत्रं येतात त्यातली निम्म्याहून जास्त कार्टबद्दल असतात, म्हणजे स्पर्धेत बग्गी वापरू द्यावी म्हणून त्यांनी लढलेल्या खटल्याबद्दल. ते साहजिक आहे, पण त्या खटल्यापलीकडे त्यांनी ओरेगन विद्यापीठात उभं केलेलं काम माझ्या मते जास्त मोठं आहे, आणि त्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न ज्यांनी गोल्फ कधी पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी आहेत, शेवटचे मात्र जाणकारांच्याही कामाला येतील.

केसी मार्टिन कोण?

जन्म १९७२ चा, अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या युजीन गावचा. गाव म्हटलं तरी ते विद्यापीठाचं शहर आहे. पंधरा वर्षांचे होण्याआधीच त्यांनी ओरेगन गोल्फ असोसिएशनच्या सतरा ज्युनियर स्पर्धा जिंकल्या होत्या आणि शाळेच्या शेवटच्या वर्षी राज्याचं विजेतेपद मिळवलं. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघात खेळले, १९९४ मध्ये राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा (एनसीएए) जिंकणाऱ्या संघात होते, नंतर व्यावसायिक झाले. २००६ मध्ये ते ओरेगन विद्यापीठाच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. म्हणजे घरी परतले.

त्यांच्या पायाला नेमकं काय झालं होतं? अपघात होता का?

नाही, दोष जन्मजात होता. क्लिपेल-ट्रेनॉने-वेबर सिंड्रोम नावाचा रक्तवाहिन्यांचा विकार. उजव्या पायातलं रक्त हृदयाकडे नीट परत जात नाही, पाय बारीक होत जातो, वेदना कायमच्या. चालण्यात नुसता त्रास नव्हता, धोका होता: रक्तस्राव, रक्ताच्या गुठळ्या, आणि नडगीचं हाड असं मोडण्याची भीती की पाय कापावाच लागेल. हे सगळं डॉक्टरांच्या साक्षीसह कोर्टाच्या कागदपत्रांत नोंदलेलं आहे. पुढे काय झालं ते पायाच्या शस्त्रक्रियेच्या प्रश्नात खाली आलं आहे.

टायगर वुड्सबरोबर त्यांनी कॉलेजचं विजेतेपद जिंकलं ना?

नाही, आणि ही चूक छापील लेखांतही दिसते. स्टॅनफर्डने विजेतेपद जिंकलं १९९४ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला. टायगर विद्यापीठात दाखल झाला त्यानंतरच्या हंगामात. १९९४-९५ मध्ये मार्टिन, नोटाह बेगे आणि टायगर एकाच संघात होते हे खरं, पण त्या वर्षीची अंतिम स्पर्धा बरोबरीत सुटल्यावर प्लेऑफमध्ये ओक्लाहोमा स्टेटने जिंकली. तेव्हा मार्टिन टायगरचे सहखेळाडू होते, पण त्यांच्या नावावरचं विजेतेपद टायगरच्या आधीच्या संघाचं.

कोर्टातला खटला थोडक्यात सांगाल का?

पीजीए टूर म्हणजे अमेरिकेतली अव्वल व्यावसायिक गोल्फ स्पर्धांची मालिका. तिच्या नियमानुसार खेळाडूने अठरा होल (पहिल्या फटक्याच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा म्हणजे होल) चालतच खेळायचे. आपल्याकडे कोर्सवर जिला बग्गी म्हणतात ती गोल्फ कार्ट वापरायची नाही. मार्टिन कॉलेजात असताना पॅसिफिक-१० परिषदेने (पश्चिमेकडच्या विद्यापीठांचा क्रीडागट, पुढे पॅक-१२) आणि एनसीएएने त्यांच्यासाठी चालण्याचा आणि स्वतःची बॅग स्वतः उचलण्याचा नियम शिथिल केला होता. टूरने नकार दिला. मग मार्टिन यांनी १९९० च्या अमेरिकी अपंगत्व कायद्याखाली दावा लावला. युजीनच्याच फेडरल कोर्टात १९९८ मध्ये ते जिंकले, अपिलातही जिंकले, आणि २९ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

वाद असा होता: चालणं हा गोल्फचा गाभा आहे का? अर्नोल्ड पामर, जॅक निकलस आणि केन व्हेन्चुरी यांनी टूरच्या बाजूने साक्ष दिली की दमणूक हा खेळाचाच भाग आहे. कोर्टासमोर आलेल्या शास्त्रीय साक्षीनुसार सुमारे पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर, पाच तासांत चालायला जेमतेम ५०० कॅलरी लागतात. शिवाय टूर स्वतःच ज्येष्ठांच्या स्पर्धांत आणि पात्रता फेरीच्या पहिल्या दोन टप्प्यांत कार्ट वापरू देत होता. न्यायालय म्हणालं, क्लबने चेंडू मारत खड्ड्यापर्यंत नेणं हा गाभा आहे. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो दुसरा मुद्दा: कार्ट घेऊनही मार्टिन यांना फेरीत मैलभराहून जास्त चालावंच लागायचं, आणि त्यांची दमणूक दोन्ही पायांनी धडधाकट असलेल्या खेळाडूपेक्षा जास्तच होती. फायदा मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

खटला जिंकल्यावर ते टूरवर यशस्वी झाले का?

फारसे नाही. उत्तम दिवस निकालाच्या आधीच येऊन गेले होते. जानेवारी १९९८ मध्ये, खटला चालू असताना, त्यांनी नाइकी टूरची, म्हणजे पीजीए टूरच्या खालच्या दुय्यम मालिकेतली, लेकलँड क्लासिक जिंकली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबवर अमेरिकन ओपनमध्ये ते संयुक्त २३ वे आले. १९९९ च्या नाइकी टूरवरच्या कामगिरीने २००० साठी पीजीए टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळण्याचा हक्क, मिळालं, पण ते एका हंगामात गेलं. पुढची काही वर्षं दुय्यम टूरवर काढून ते थांबले. कोर्टाने दार उघडून दिलं तोवर पाय खचत चालला होता. मार्टिन यांना 'अपयशी व्यावसायिक' म्हणणाऱ्यांनी या तारखा एकदा नीट लावून पाहाव्यात.

गोल्फ एकट्याचा खेळ, मग कॉलेजचा 'संघ' कसा खेळतो?

प्रत्येक फेरीत संघातले पाच जण खेळतात आणि पाचांतले सर्वांत कमी चार स्कोअर धरले जातात (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं). पाचवा स्कोअर सोडून दिला जातो. त्यामुळे एकाचा दिवस वाईट गेला तरी चालतं, दोघांचा गेला की संपलं. बहुतेक स्पर्धा ५४ होलच्या असतात, आणि अनेक ठिकाणी पहिल्याच दिवशी ३६ होल, तेही कॅडीशिवाय, म्हणजे बॅग उचलणाऱ्या मदतनिसाशिवाय. बॅग खांद्यावर घ्यायची नाहीतर हाताने ढकलायच्या गाडीवर ठेवायची.

हंगामाच्या शेवटी सहा विभागीय स्पर्धा होतात, त्यांतून तीस संघ राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत जातात. तिथे स्ट्रोक प्लेनंतर (एकूण फटके मोजायची पद्धत) पहिले आठ संघ मॅच प्लेमध्ये (एकास एक लढत, होलनिहाय हारजीत) येतात: पाच सामने, ज्याचे आधी तीन गुण तो जिंकला. पुरुषांसाठी ही पद्धत २००९ पासून आहे, महिलांसाठी २०१५ पासून. वैयक्तिक विजेता मात्र स्ट्रोक प्लेवरच ठरतो.

प्रशिक्षक खेळ चालू असताना सल्ला देऊ शकतो? व्यावसायिक गोल्फमध्ये तर चालत नाही.

कॉलेजमध्ये चालतं, आणि इथेच प्रशिक्षकाची खरी कसोटी असते. व्यावसायिक स्पर्धेत खेळाडूला सल्ला फक्त त्याचा कॅडी देऊ शकतो. कॉलेजमध्ये कॅडी नाही, पण संघाचा प्रशिक्षक बरोबर चालू शकतो, बोलू शकतो.

एखाद्या पार-३ होलच्या (जो तीन फटक्यांत पुरा व्हावा अशी अपेक्षा असते) टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं तर हे काम जवळून दिसतं. एका संघाचे पाच खेळाडू साधारण लागोपाठच्या गटांत खेळतात, म्हणून प्रशिक्षक पुष्कळदा एकाच अवघड पार-३ वर ठाण मांडतो. पहिला मुलगा येतो, सात नंबरच्या आयर्न क्लबने मारतो, चेंडू ग्रीनच्या, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, मागे जातो. प्रशिक्षकाला कळतं की वर वारा खालच्यापेक्षा वेगळा आहे. दुसरा मुलगा येईपर्यंत त्याच्याकडे खरी माहिती असते, आणि पाचव्यापर्यंत त्या होलचा अख्खा अभ्यास झालेला असतो. पण पाचही मुलांना तीच माहिती एकाच पद्धतीने सांगून उपयोग नसतो. एकाला यार्डातला नेमका आकडा हवा असतो. दुसऱ्याला आकडा दिला की तो गोंधळतो, त्याला फक्त 'ग्रीनच्या मधोमध' एवढंच पुरतं. तिसऱ्याशी बोलूच नये, नुसतं शेजारी उभं राहावं. कोणाशी गप्प राहायचं हे ओळखायला स्वतः त्या दडपणाखाली शेकडो फटके मारलेले असावे लागतात. चांगले माजी खेळाडू चांगले प्रशिक्षक का होतात, याचं माझ्या दृष्टीने हेच एक ठोस कारण आहे.

म्हणजे मार्टिन मुलांना स्विंग शिकवत होते?

मुख्य काम ते नाही. या पातळीवर आलेल्या बहुतेक मुलांचा स्विंगचा शिक्षक घरचा, लहानपणापासूनचा असतो, आणि समंजस कॉलेज प्रशिक्षक त्यात ढवळाढवळ करत नाही. त्याचं काम म्हणजे मुलं हेरणं, त्यांना विद्यापीठात आणणं, पाचांत कोण खेळणार ते ठरवणं, सरावाची आखणी, प्रवास, अभ्यासावर लक्ष, आणि फेरीतला विचार. सरावाच्या तासांनाही मर्यादा आहे: हंगामात आठवड्याला वीस तास. गंमत म्हणजे स्पर्धेचा अख्खा दिवस, मग तो पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चालला तरी, नियमाप्रमाणे तीनच तास धरला जातो.

२०१६ च्या अंतिम सामन्यात काय झालं?

ओरेगनच्या पुरुषांचं हे पहिलं राष्ट्रीय विजेतेपद, आणि ते युजीन कंट्री क्लबवर मिळालं, म्हणजे मार्टिन यांच्या जन्मगावी. आधी स्ट्रोक प्लेमध्ये ओरेगनचा आरन वाइज वैयक्तिक विजेता झाला. मग मॅच प्लेमध्ये आदल्या वर्षीचा विजेता एलएसयू (लुइझियाना स्टेट) संघ उपांत्यपूर्व फेरीत हरला, उपांत्य फेरीत इलिनॉय, आणि अंतिम सामना टेक्सासशी पडला.

दोन-दोन अशी बरोबरी झाली आणि एकच सामना उरला: ओरेगनचा सुलमान रझा विरुद्ध टेक्सासचा टेलर फंक. अठरा होलनंतरही बरोबरी. रझा युजीनचाच मुलगा, कडेने उभे असलेले अर्धे लोक त्याला नावाने ओळखणारे. तिसऱ्या जादा होलवर, म्हणजे एकविसाव्या होलवर, त्याने बर्डी केली (पारपेक्षा एक फटका कमी) आणि ओरेगन ३-२ ने जिंकलं. गावातल्याच प्रशिक्षकाच्या संघाला गावातल्याच मुलाने, गावातल्याच कोर्सवर जिंकून दिलं.

पण टेक्सासचा एक खेळाडू जखमी होता. मग हे जेतेपद नशिबाचं नाही का?

हा प्रश्न खरा आहे आणि टाळू नये. टेक्सासचा सर्वोत्तम खेळाडू बो हॉस्लर याच्या खांद्याला उपांत्य फेरीत दुखापत झाली, तो अंतिम सामना खेळूच शकला नाही. तेव्हा बदली खेळाडू घेण्याची मुभा नव्हती, म्हणून टेक्सासला तो गुण सोडून द्यावा लागला. ओरेगनच्या तीन गुणांतला एक असा आला. बदली खेळाडूचा नियम नंतर आला, आणि तो यायलाच हवा होता. हॉस्लर खेळला असता तर निकाल वेगळा लागला असता का? लागू शकला असता. तरी उरलेल्या चार सामन्यांत दोन जिंकावेच लागणार होते, त्यातला शेवटचा एकवीस होल चालला. मी ते जेतेपद पूर्ण मानतो.

घरच्या कोर्सचा फायदा किती?

ग्रीनचे चढउतार आणि वारा माहीत असणं हा फायदा नक्कीच. पण अपेक्षांचं ओझंही तेवढंच. जाता जाता: युजीन कंट्री क्लबचा मूळ आराखडा चँडलर इगन यांचा. तेही हार्वर्डचे कॉलेज खेळाडू होते आणि १९०२ चे वैयक्तिक कॉलेज विजेते. पुढे १९६७ च्या सुमारास रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी हा कोर्स चक्क उलटा फिरवला, जिथे टी होत्या तिथे ग्रीन आणल्या. कॉलेज गोल्फची इतकी जुनी नाळ असलेल्या जागी मार्टिन जिंकले.

त्यांच्या हाताखालून कोण पुढे आलं? विंडहॅम क्लार्क २०१६ च्या संघात होता ना?

क्लार्क त्या संघात नव्हता. तो ओक्लाहोमा स्टेटमध्ये होता. आई कर्करोगाने गेल्यानंतरचा काळ त्याला फार जड गेला, आणि विजेतेपदानंतरच्या हंगामात तो ओरेगनला आला. २०१७ मध्ये पॅक-१२ परिषदेचा वैयक्तिक विजेता झाला आणि संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला. तिथे मात्र ओक्लाहोमाने (ओक्लाहोमा स्टेट नव्हे, हे वेगळं विद्यापीठ) ओरेगनला हरवलं. सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, लॉस एंजेलिस कंट्री क्लबवर रोरी मॅकिलरॉयला एका फटक्याने मागे टाकून क्लार्कने अमेरिकन ओपन जिंकली.

आरन वाइज २०१६ नंतर लगेच व्यावसायिक झाला, २०१८ मध्ये बायरन नेल्सन स्पर्धा जिंकली आणि त्या वर्षीचा पीजीए टूरचा सर्वोत्तम नवोदित ठरला. प्रशिक्षकाला यातलं श्रेय किती द्यायचं? वाइज जिंकणारच होता असं म्हणता येईल. क्लार्कच्या बाबतीत मी तसं म्हणणार नाही. खेळ सोडावासा वाटणाऱ्या मुलाला पुन्हा उभं करणं यात, शरीराने साथ सोडल्यावरही वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसाचा हात असणारच.

प्रशिक्षक असताना ते अमेरिकन ओपन खेळले हे खरं का?

खरं. २०१२ मध्ये युजीनजवळच्या क्रेसवेल इथे एमराल्ड व्हॅलीवर ते पात्र ठरले आणि पुन्हा ऑलिंपिक क्लबवर, चौदा वर्षांपूर्वीच्याच कोर्सवर, कार्ट घेऊन उतरले. कट, म्हणजे शेवटच्या दोन फेऱ्यांत जाण्याची मर्यादा, एका फटक्याने हुकला. कॉलेज प्रशिक्षकाने व्यावसायिक स्पर्धा खेळायला बंदी नाही. नियम हौशी खेळाडूंसाठी आहेत, प्रशिक्षकांसाठी नाहीत. पुढच्या प्रश्नातल्या माइक स्मॉल यांनी तर ते वर्षानुवर्षं केलं.

नावाजलेले खेळाडू होते आणि पुढे कॉलेज प्रशिक्षक झाले, असे आणखी कोण?

इलिनॉयचे माइक स्मॉल. प्रशिक्षक असतानाच त्यांनी क्लब व्यावसायिकांची राष्ट्रीय स्पर्धा तीनदा जिंकली (२००५, २००९, २०१०), आणि त्यांच्या संघातले स्कॉट लँगली आणि थॉमस पीटर्स वैयक्तिक कॉलेज विजेते झाले. स्टॅनफर्डचे कॉनरॅड रे, टायगरबरोबर खेळलेले, त्यांच्या संघाने २००७ आणि २०१९ मध्ये जेतेपद मिळवलं. ओक्लाहोमा स्टेटचे ॲलन ब्रॅटन, १९९५ मध्ये स्टॅनफर्डला हरवणाऱ्या त्याच संघातले खेळाडू, त्यांच्या संघाने २०१८ आणि २०२५ मध्ये.

प्रशिक्षक म्हणून त्यांना कार्ट वापरायला कधी अडचण आली का?

आली. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात अमेरिकन ज्युनियर स्पर्धेची पात्रता फेरी चालू होती. एका मुलाचा खेळ पाहायला मार्टिन गेले असताना त्यांना कार्टमधून हिंडायला मनाई झाली, कारण प्रेक्षकांना कार्ट नाही असा नियम. ज्याच्या नावाचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे त्याच माणसाला! नंतर अमेरिकन गोल्फ संघटनेने माफी मागितली. पण एक गोष्ट लक्षात घ्या: २००१ चा निकाल स्पर्धकाबद्दल होता. निकालाने एक दार उघडतं, शेजारचं दार पुन्हा ठोठावावं लागतं.

त्यांचा पाय कापावा लागला का?

हो. २०१९ मध्ये पायाचं हाड मोडलं आणि ते नीट जुळून आलं नाही. बराच काळ उपचार झाले, शेवटी ऑक्टोबर २०२१ मध्ये उजवा पाय कापावा लागला. वीस वर्षांपूर्वी कोर्टात डॉक्टरांनी ज्याची भीती सांगितली होती तेच घडलं. त्यानंतरही ते संघाबरोबर कामावर परतले.

त्या निकालामुळे आता कुणालाही कार्ट मिळते का?

नाही. प्रत्येक अर्ज वेगळा तपासला जातो, आणि कायदा त्या-त्या देशापुरता. २०१९ मध्ये जॉन डेली यांना गुडघ्याच्या आजारासाठी न्यूयॉर्कच्या बेथपेजवर पीजीए चॅम्पियनशिपमध्ये कार्ट मिळाली, पण त्याच वर्षी उत्तर आयर्लंडमध्ये झालेल्या ब्रिटिश ओपनमध्ये नाकारली गेली. भारतात २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात योग्य त्या सोयी देण्याचं तत्त्व आहे, पण अमेरिकी निकाल इथे बंधनकारक नाही. तुमच्या क्लबमध्ये किंवा स्पर्धेत गरज असेल तर वैद्यकीय कागद जोडून प्रवेश अर्जाबरोबरच लेखी विनंती करा. स्पर्धेच्या सकाळी टीवर जाऊन मागितली तर समिती हतबल असते.

आमची मुलगी पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर खेळते, नववीत आहे. अमेरिकेतल्या कॉलेज प्रशिक्षकांना कधी लिहायचं?

तुम्ही आत्ताही लिहू शकता. बंधन प्रशिक्षकावर आहे: दहावीचं वर्ष संपल्यावर येणाऱ्या १५ जूनपर्यंत तो खेळाडूशी भरतीबद्दल बोलू शकत नाही. त्याआधी उत्तर आलं नाही म्हणून खचू नका. पत्रात लांबलचक कौतुक नको. स्पर्धेचं नाव, कोर्सचं पार आणि लांबी, प्रत्येक फेरीचा स्कोअर, वाईट फेऱ्यांसकट. इंडियन गोल्फ युनियनच्या ज्युनियर स्पर्धांचे निकाल जोडा. शाळेचे गुण द्या, कारण अभ्यासात मागे पडणारा खेळाडू प्रशिक्षकाला परवडत नाही. स्विंगचा छोटा व्हिडिओ पुरे, त्यावर संगीत घालू नका.

शिष्यवृत्ती पूर्ण मिळते का?

अनेक वर्षं डिव्हिजन एकमधल्या (एनसीएएची सर्वांत वरची श्रेणी) पुरुष संघाला साडेचार आणि महिला संघाला सहा शिष्यवृत्त्या एवढी कमाल मर्यादा होती, ती आठ-दहा जणांत तुकड्यांनी वाटली जायची. म्हणून मुलींना पूर्ण रक्कम मिळण्याची शक्यता मुलांपेक्षा जास्त असायची. २०२५-२६ पासून कोर्टातल्या तडजोडीतून आलेल्या नव्या व्यवस्थेत ('हाउस सेटलमेंट') सामील झालेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि संघात जास्तीत जास्त नऊ खेळाडू अशी मर्यादा आली. म्हणजे पैसा वाढू शकतो, जागा मात्र कमी. काही विद्यापीठं या व्यवस्थेत आली, काही आली नाहीत. त्यामुळे प्रशिक्षकाशी पहिल्याच बोलण्यात दोन गोष्टी सरळ विचारा: तुमचं विद्यापीठ यात आहे का, आणि माझी मुलगी येईल त्या वर्षी नऊपैकी किती जागा रिकाम्या असतील?